तिसरा पुकारा

अण्णा, मी सध्या ज्या इमारतीत काम करते ती तुम्हाला पहिल्या नजरेत कोर्ट वाटली नसती. बाहेर चिंच नाही, चिंचेखाली टाइपरायटर मांडून बसलेले अर्ज लिहिणारे नाहीत. काचेचा दरवाजा, मग बॅगा तपासणारं यंत्र, मग एक लांब हॉल आणि जमिनीला बोल्टनं ठोकलेल्या निळ्या खुर्च्या. पण थोडा वेळ बसलं की ओळख पटते. माणसं हातातला कागद उघडतात, न वाचताच परत घडी घालतात, ते अगदी आपल्या तालुक्यासारखं. लीड्सहून ट्रेननं यावं लागतं अशा एका लहान गावातलं हे कोर्ट. न्यायासनावर तीन माणसं बसतात आणि ती वकीलसुद्धा नसतात. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी बागकामाच्या सामानाचं दुकान चालवणारे गृहस्थ. कायदा सांगायला खाली एक जाणकार असतो. "म्हणजे पंचायतच की," असं तुम्ही म्हणाला असता. इथे मला हे कुणाशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

माझी कंपनी या कोर्टात नंबर दाखवणारे टीव्हीसारखे पडदे बसवते आहे. आलेल्या माणसानं दारातल्या यंत्रावर नोंद करायची, यंत्र नंबराची चिठ्ठी देतं, आणि पाळी आली की भिंतीवरच्या पडद्यावर तो नंबर लुकलुकतो. घरगुती खटल्यांत नाव चारचौघांत दिसू नये असा नियम आहे. तो योग्यच आहे, म्हणून नुसता नंबर. हा भाग मी लिहिला. नंबर तीनदा लुकलुकतो, मध्ये थोडा वेळ जाऊ देतो, आणि तिसऱ्यांदाही कुणी उठलं नाही तर त्यापुढे आपोआप 'गैरहजर' लागतं. तीनदाच का, असं मॅनेजरनं विचारलं होतं. दोनदा कमी पडेल, चारदा वेळ जाईल, असं मी म्हणाले. खरं कारण तुम्ही होतात, पण ते मीटिंगमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

मी लहान आहे, शाळेला मे महिन्याची सुट्टी आहे. आईला बरं नाही, म्हणून तुम्ही मला तालुक्याच्या कोर्टात घेऊन आला आहात. तुमच्या छातीवर लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. पहिला पुकारा तुम्ही दारातून करता, दुसरा व्हरांड्याच्या कडेला येऊन. तिसऱ्याला पायऱ्या उतरून उन्हातून चिंचेपर्यंत जाता आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे तोंड करून पूर्ण नाव घेता, बापाच्या नावासकट, आणि शेवटी "हाजिर होऽऽ". टपरीवरचा कुणीतरी बशी तशीच टाकून धावत येतो, "हजर, हजर!" पोटगीसाठी आलेल्या बायकांना मात्र तुम्ही ओरडून बोलावत नाही. जवळ जाता, खाली बघता आणि हळू म्हणता, "ताई, तुमचं आलं. चला."

घरी तुम्ही बोलायचात कमी. आई म्हणायची, "अख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल असं ओरडता, आणि इथं मीठ हवं तर नुसतं बोट दाखवता!" तुम्ही ज्येष्ठमधाची काडी चघळत हसायचात. एकदा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, उलथनं छातीशी धरून, आईच्या नावाचा पुकारा केला. आई पोळी लाटता लाटता "हजर!" म्हणाली. तुम्ही हसला नाहीत. "घरात पुकारा करायचा नाही," तुम्ही म्हणालात. "तिथं स्वतःचं नाव ऐकलं की माणसाच्या पायातलं बळ जातं. ते घरात आणू नकोस." तुम्ही मला रागावलात ते तेवढंच.

इथे पुकारा करणारी एक बाई आहे. काळा झगा घालते, या कामाच्या माणसाला इथे अशर म्हणतात. निवृत्तीला आलेली, पक्की यॉर्कशरची. माझं नाव तिनं पहिल्या दिवशी उच्चारून पाहिलं आणि सोडून दिलं. ती सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणते. पडद्यांची चाचणी चालू असेपर्यंत तिनं पुकारा करायचा नाही असं ठरलं होतं. ती हाताची घडी घालून माझ्या टेबलाशेजारी बसली आणि म्हणाली, "तुझं हे यंत्र घसा ओला करायला चहा पितं का गं, लव्ह? नाही ना? मग ते कुणाला आवडणार?"

दुपारी एक नंबर लुकलुकला आणि कुणी उठलं नाही. मी लॅपटॉपवर नोंद पाहिली. माणूस आलेला होता, चिठ्ठी निघाली होती. दुसऱ्यांदा लुकलुकला, तरी नाही. मग मी मान वर करून हॉल पाहिला. सगळ्या खुर्च्या पडद्याकडे तोंड करून ठोकलेल्या आहेत, तशा मीच ठोकून घेतल्या होत्या. माझ्याच वयाची एक बाई त्यांतल्या एकीत आडवी बसली होती, डोक्यावर ओढणी, अंगात जाड कोट, पडद्याकडे पूर्ण पाठ. ती काचेच्या दरवाज्याकडे बघत होती. दरवाजा उघडला की तिचे खांदे वर जात, आत येणाऱ्याचा चेहरा दिसला की खाली येत. नवऱ्यानं आपल्या जवळपास येऊ नये असा हुकूम मागायला ती आली होती. ती आश्रयगृहातून आली होती आणि तिची वकील दुसऱ्या कोर्टात अडकली होती. हे मला नंतर कळलं. पण जिला दरवाज्याकडे पाठ करता येत नाही ती कशासाठी आली असेल, हे तेव्हाही कळण्यासारखं होतं. 'गैरहजर' लागलं असतं तर अर्ज तिथेच संपला असता आणि ती हुकमाशिवाय त्याच दरवाज्यातून बाहेर गेली असती.

आलेल्या लोकांशी आम्ही बोलायचं नाही असं करारात आहे. मी उठले, जवळ गेले, तुमच्यासारखीच खाली बघून हळू म्हणाले, "चलिए, आपका नंबर आया है।" ती ताडकन उभी राहिली. पर्स पोटाशी धरली. "तुम्हें किसने भेजा? उनके घर से हो?"

या देशात आल्यापासून माझ्या चेहऱ्याकडे, माझ्या भाषेकडे पाहून कुणी इतक्या लगेच मला आपल्यातली समजलं नव्हतं. आणि समजलं ते असं.

अशर उठली. ठरलेलं सगळं बाजूला ठेवून आमच्यापर्यंत आली आणि हात पुढे केला. "चल, लव्ह. घाबरू नकोस. ही नुसती कॉम्प्युटरवाली आहे, कुणाच्या घरची नाही." इंग्रजीतलं तेवढं त्या बाईला समजलं. कोर्टरूमचं दार त्यांच्यामागे बंद झालं तेव्हा पडद्यावर तो नंबर तिसऱ्यांदा लुकलुकत होता.

तिला हुकूम मिळाला. बाहेर पडताना ती माझ्या टेबलाशी थांबली. "मैं डर गई थी," म्हणाली. "नाम क्या है आपका?" मी गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरलं. तिनं ते वाचलं, मान हलवली आणि दरवाज्याकडे एकदा नीट पाहून गेली. नाव तोंडानं सांगायला मला काय झालं होतं, माहीत नाही.

त्याच आठवड्यात मी बदल केला. आता 'गैरहजर' आपोआप लागत नाही. तिसऱ्या वेळेनंतर अशरनं उठून हॉलमध्ये फिरायचं, माणसांपर्यंत जायचं आणि मगच बटण दाबायचं. मॅनेजर आपल्याकडचाच, पुण्याचा आहे. फोनवर म्हणाला, "अगं, कोर्ट आहे ते, मंगल कार्यालय नाही! प्रत्येकाला जाऊन 'चला, पानं मांडलीत' म्हणायचं का?" मी म्हणाले, "बदल छोटा आहे. केलाय." अशरला कळलं तेव्हा तिनं मला चहा आणून दिला. साखर घालून. मी घेत नाही, तरी प्यायले.

आज इथला माझा शेवटचा दिवस. पुढचं काम ग्लासगोला आहे, तिथेही असाच हॉल असेल. संध्याकाळी सगळे गेल्यावर शेवटच्या तपासणीला एक नाव टाकावं लागतं, मी माझं टाकलं. त्याचा नंबर झाला, लुकलुकला. मी पडदा बंद केला. बॅगेत ज्येष्ठमध असतो. कॉलेजच्या तोंडी परीक्षेच्या आधी तुम्ही पुडी करून दिला होतात, तो केव्हाच संपला, हा इथल्या गुजराती दुकानातला. एक काडी चघळली आणि पुकारा केला. पहिला कोर्टरूमच्या दारातून. दुसरा खुर्च्यांच्या कडेला येऊन. तिसऱ्याला काचेच्या दरवाज्यापर्यंत गेले आणि रस्त्याकडे तोंड करून पूर्ण नाव घेतलं. ओळखपत्रावर मधलं नाव नसतं, तेवढी जागा नाही म्हणतात. त्यामुळे तुमचं नाव या देशात मोठ्यानं घेतलं गेलं ते बहुधा आज पहिल्यांदाच.

तुम्ही घरात करायचा नाही म्हणाला होतात. घरात नाही केला. आणि हे पत्र आता कुठे धाडायचंही नाही, इथेच घडी घालून ठेवते. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर तुम्ही थांबायचात तेवढी थांबले. उत्तर द्यायला मीच होते, अण्णा. "हजर" म्हणता आलं नाही.