उलटी सांडशी

अहो, इथूनच वाकून नमस्कार. पोरांना पोटाशी धरा.

मी बरी आहे. खोली कोरडी आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते. तुमच्या चेचलेल्या मनगटाची सूज उतरली का? बोटं मिटतात का?

तुमच्या जागी भट्टीवर बसायचं म्हणून शिकायला आले खरी. पण उस्तादांचा नियम असा, की आधी स्वतःची सांडशी करायची, मगच पुढचं काम. काल दोन्ही भाग तापवून ठोकले, भोकं पाडली. खिळा घालून जोडायला गेले, तर जुळेनातच. एक भाग डावीकडे वळलेला, दुसरा उजवीकडे, चपलांच्या जोडासारखे. दोन्ही अगदी एकसारखे असले तरच सांडशी मिटते. उस्ताद रागावले नाहीत. "पुन्हा तेच, बाई," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

इतकी वर्षं तुमच्यासमोर उभी राहून मी घण घातला. तुमचा हात पाहिला, तो समोरून. सगळं डोळ्यांत उलटं बसलंय, हात एकदा सुलटा वळतो, एकदा उलटा.

जरासं भाजलंय, पोरांना सांगू नका. धाकटी माझ्याशिवाय झोपते ना?

निघताना बजावलं होतं, ऐरण कुणाला द्यायची नाही. आता तिला गिऱ्हाईक आलं, तर परत पाठवू नका.

घण मात्र ठेवा. मला तेवढंच येतं.

तुमची,
घणवाली