कधी रिकामी न झालेली बाटली

ता. ७ जानेवारी ८४, हिंगणघाट
इथं आठ महिने झाले. एवढा कुठंच टिकलो नाई. हॉटेलात दीड महिना, ट्रकवर चार. घर मेहकरकडे, दिवसभराचा रस्ता. दवाखान्यात मलमपट्टीचं सामान लावतो.
खाट ३, गणपत, अल्लीपूरचा. कापसाच्या जिनिंगमध्ये उजवा हात यंत्रात सापडला. टाके घातले तेव्हा जखम साफ होती. आता हिरवा पू. तोच गोडूस वास खाट ५ अन् ८ लेही.

८ जाने.
डॉ. बाईंनी चौथ्या औषधाचं इंजेक्शन लावलं. फरक नाई. गणपत म्हणे, "काऊन भाऊ, औषध देऊन राह्यले का पाणी?" म्हटलं, पाण्यासाठी एवढी मोठी सुई कोण खराब करते? हसला. मग चादर हातावर ओढून घेतली.

११ जाने.
पू तपासाले नागपूरले पाठवला होता, त्याचा कागद आला. चारही औषधांसमोर एकच शेरा, चालत नाही. बाई म्हणाल्या, "हा जंतू औषधांना सरावलाय. आपल्याच वार्डात राहतो कुठंतरी." आठ दिवसांत पू थांबला नाई तर पंजा काढणार. गणपतले कोणी सांगितलं नाई. त्याले समजलंच.

१२ जाने.
बाईंनी साबण, कात्री, टेबल, सगळ्यावरून कापूस फिरवून नागपूरले तपासाले पाठवाच्या नळ्यांत भरला. जखम धुवायच्या औषधाची बाटली सोडली. सिस्टर म्हणे, "ते तं जंतू मारायचंच औषध हाये." मी बाटली पुढं केली. काऊन केली, माहीत नाई.
खोटं. माहीत आहे. आठ महिन्यांत ती एकदाही रिकामी केली नाई. आई मिठाची बरणी तळाले जाऊ देत नाई, घरातली बरकत जाते म्हणते. मीही बाटली अर्धी झाली की वरून भरत आलो. बूचही तेच.

१५ जाने.
जंतू बाटलीतच निघाला. बुचात तर जास्तच. मारायच्या औषधात बसून वाढला.
बाईंसमोर जाऊन सांगितलं, मीच भरत होतो. वाटलं, आता बिस्तर बांधा. बाई म्हणाल्या, "तू भरलीस, सिस्टरनं पाहिली, मी रोज वापरली. चल, पाणी उकळायला ठेव."
बूच चुलीत. बाटल्या उकळून उपड्या. सकाळी नवं औषध, संध्याकाळी उरलेलं मोरीत. ओतताना हात अडखळते अजून.
गणपतच्या जखमेले सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, पातळ पाण्याच्या पट्ट्या, दिवसातून तीनदा.

१९ जाने.
पट्टी सोडली. पांढरी. नाकाजवळ नेली. कापसाचा वास, बस. बाई म्हणाल्या, पंजा वाचला. चार दिवस न बोललेल्या सिस्टरनं चहा पाजला. मोरीजवळ जाऊन थोडा नाचलो.

२ फेब्रु.
अठरा दिवसांत नवी हिरवी पट्टी एक नाई. ५ अन् ८ घरी गेले. बायकांच्या वार्डातल्या बाटल्याही आता माझ्याकडे. भिंतीवर कागद लावला, 'रोज रिकामी करा'. चौथी शिकलेल्याचं अक्षर, पण डॉक्टर लोकही वाचून राह्यले.

९ फेब्रु.
गणपतले उद्या सुट्टी. मूठ अर्धी मिटते. त्याची बायको सगळ्या वार्डाले सांगून राह्यली, "या भाऊनं जंतू पकडला म्हणून यांचा हात शाबूत हाये." गणपत म्हणे, "अल्लीपूरले येजो. याच हातानं जेवाले वाढतो तुले."
हो म्हटलं.
पकडला मीच, खरं आहे. पोसला कोणी, ते त्याले माहीत नाई. बाईंना विचारलं, सांगू का? म्हणाल्या, "ते तुझं तू ठरव."
उद्या दहाची एस.टी. त्याले स्टँडवर पोचवाले मीच जाणार. सांगाले तेवढी वाट पुरते.