पूर्वापार वाट

बाबा,

तुम्ही लिहिलेला तडजोडीचा कागद मी कोर्टात मोठ्याने वाचला, तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

वडप्याच्या शाळेत तुम्ही मास्तर. जमीनमालकाची आणि पाड्यावरच्या आजीची, दोघांचीही मुलं तुमच्या हाताखाली शिकलेली. आजीच्या भातखाचराची वाट मालकाच्या जमिनीतून जायची. ती त्याने अडवली, दावा लागला, आणि शेवटी दोघं तुमच्याकडे आले. तुम्ही आधी वाट चालून पाहिलीत. तुमच्या मागे मी, कायद्याच्या पहिल्या वर्षातला. जांभळाच्या झाडापासून ओढ्याच्या कडेने थेट खाचरापर्यंत. पुढे आजी, डोक्यावर भाताच्या रोपांच्या जुड्या. मग टेमघरच्या आपल्या स्वयंपाकघरात बसून तुम्ही लिहिता: 'मालकाने बाईस पूर्वापार वाट योग्य तितकी, सोयीप्रमाणे द्यावी.' मी म्हणतो, "कुठून कुठे, किती रुंद, ते लिहा ना." तुम्ही मान वर करत नाही. "दोघं आत्ताच इथे चहा पिऊन गेले. आता त्यांच्यामध्ये टेप धरू? कायदा शिकतोयस की संशय?" आई हसते. त्याच कागदावर कोर्टाने हुकूमनामा केला.

नव्वदच्या दशकात रस्त्याकडेला गोदामं आली. मालक वारला होता. त्याच्या मुलाने भिंत घातली. आजीने हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावली आणि मालकाचा मुलगा माझ्याकडे आला. मी वकीलपत्र घेतलं. योग्य म्हणजे किती? सोय कोणाची? वाट कुठली? बेलिफाने नेमकं काय मोकळं करून द्यायचं? न्यायाधीशांना पटलं. कागद इतका मोघम, की अंमल करता येत नाही. दरखास्त फेटाळली. त्या क्षणी स्वयंपाकघरातला तो वाद मी जिंकलो असं वाटलं, आणि बरं वाटलं. याची लाज अजून जात नाही.

आजी बाहेर पायरीवर बसली होती.

"मास्तरांचा पोर ना तू? तवा आला व्हतास. वाट ठाव न्हाय तुला?"

"कागदावर न्हाय, आजी," मी तिच्याच बोलीत म्हणालो.

"मंग मास्तर ती वाट चालला कशाला?"

परवा वडप्याला गेलो होतो. जांभूळ भिंतीच्या आत आहे. आजीची सून रोपांच्या जुड्या घेऊन हायवेच्या कडेने, ट्रकना चुकवत जात होती. मी गाडी थांबवली, पण उतरलो नाही.

खरं सांगायचं तर, तुम्ही असता तर हे पत्र मी टपालपेटीत टाकायचं धाडस केलं नसतं.