सुरुवात दुरुस्तीच्या जहाजापासून

प्रिय सूनबाई,

परवा फोनवर तू विचारलंस, त्याने जमवलेल्या त्या अंतराळातल्या कादंबऱ्या वाचायच्या तर सुरुवात कुठून करू? मी "बघून सांगतो" म्हणालो आणि फोन हिच्या हातात दिला. उत्तर येत नव्हतं असं नाही. लग्नानंतर तो इतका मागे लागायचा, तरी तू एकाही पुस्तकाला हात लावला नव्हतास. आणि आता तो जाऊन दोन वर्षं झाल्यावर विचारतेस.

तर ऐक. भिंतभर पुस्तकं आहेत, कितीतरी लेखकांनी मिळून लिहिलेली, पण सगळी एकाच विश्वातली. तो गेल्यावर खोली आवरायला म्हणून गेलो आणि तिथेच बसून राहिलो. कारखान्यात लेथ मशीनवर आयुष्य गेलेला माणूस मी, काम मुळापासून करायची खोड. कथेत जे सगळ्यांत आधी घडतं तोच खंड उचलला. साम्राज्यं, तह, वंशावळी, सगळं डोक्यावरून गेलं. मागाहून कळलं की तो भाग लिहिलाय सगळ्यांत शेवटी. लिहिणाऱ्याला पुढचा विनाश ठाऊक, त्यामुळे पानोपानी त्याचं सावट. त्यातली माणसं हसली तरी आपल्याला कसंतरी होतं. तेव्हा ते मला झेपेना. खोलीला कडी लावून टाकली.

कडी काढली ती तुझ्या सासूने. वापरून वापरून पुठ्ठा सुटलेलं एक बारकं पुस्तक ती घेऊन आली, म्हणाली, यावर त्याचा हात जास्त फिरलाय. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून दुपारी ती मोठ्याने वाचायची. त्यात युद्ध संपलेलं आहे आणि एक दुरुस्तीचं जहाज मोडकी यानं गोळा करत फिरतंय. त्यावर एक म्हातारा मेकॅनिक आहे, नट सैल दिसला की शिव्या घालून जगाचा उद्धार करणारा. ही त्याची वाक्यं चक्क माझ्या आवाजात वाचायला लागली. मला हसू फुटलं, मग तिलाही. तो गेल्यापासून या घरात कुणी हसलं नव्हतं. हसता हसता दोघंही रडलो, पण पुस्तक मिटलं नाही.

तिथूनच सुरू कर. मागचं काही माहीत नसलं तरी अडत नाही. लागेल तेवढं त्यातली माणसंच बोलता बोलता सांगतात. मागे जावंसं वाटलं तर नंतर जा, नाही वाटलं तर नको. पुस्तक सोबत पाठवतोय.

आता खरं ते लिहितो. तुला परवा पुस्तकांचं विचारायचं नव्हतं, हे मला कळलं होतं. मला जे सांगणं तुला जमलं नाही, ते तू हिला सांगितलंस, की तुझं पुन्हा लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात नोंदणी आहे आणि बाबांना काय वाटेल याची धास्ती आहे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दोन दिवस हिच्यावरच चिडचिड करत होतो. शेवटी ही एवढंच म्हणाली, "मुलगा गेला, ते आपल्या हातात नव्हतं. मुलगी का घालवताय?" तेव्हा कागद घेऊन बसलो. आम्ही दोघंही येतोय. तुझ्या बाजूने साक्षीदार लागेल, ती सही मी करीन. नातं विचारलं तर वडील म्हणून सांगेन.

तुझाच,
बाबा