वाडीत चालणारा पाय

१२ नोव्हेंबर

दादांनी पाय फेकला! खरंच फेकला — हॉलमधून थेट गॅलरीत. कुंडी फुटली.

"हा कोनाचा पाय हाय? माझा नाय!"

मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी माती भरली, पाय पुसून कोपऱ्यात उभा केला. हॉस्पिटलातून मिळालेला, प्लास्टिकचा. साखरेच्या आजारात पायाची जखम चिघळली आणि दादांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला, त्याला पावसाळा उलटून गेला. तेव्हापासून लेकीकडे, माझ्या गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये आहेत. नंदाखाल गावातली त्यांची केळी-माडांची वाडी त्यानंतर पाहिलेली नाही.

रागावलेले परवडतात. गप्प नकोत.

१५ नोव्हेंबर

धाकटा भाऊ धनेश आला होता नालासोपाऱ्याहून. दादा बाथरूममध्ये असताना भराभर बोलून घेतलं. "ताई, वाडी विकून टाकू. आग्नेलकाका शेजारी म्हणून किती दिवस केळींना पाणी सोडणार? दादा आता परत जाणार आहेत का?"

चुकीचं काही बोलला नाही. तरी मी चिडले. दादांना ऐकू गेलं असावं. जेवले नाहीत.

१६ नोव्हेंबर

इतकी वर्षं फायबरच्या कारखान्यात आहे. बसच्या खुर्च्या, ॲसिडच्या टाक्या, मोठमोठे पाइप. बापाला वाडीपर्यंत नेणारा एक पाय नाही जमणार? एकदा वाडीत उभे राहिले की विकायची भाषा आपोआप बंद होईल.

२० नोव्हेंबर

वसईत कृत्रिम पाय बसवणाऱ्या तेजस्वीला भेटले. माझ्याहून लहान, पण बोलणं ठाम. म्हटलं, मी घरी करून आणते. तिनं हातातला साचा खाली ठेवला.

"मॅडम, टाकी गळली तर पाणी जातं. हा चुकला तर तुमच्या वडिलांची जखम उघडेल. माप मी घेणार, बसवणार मी. मधलं आपण मिळून करू."

लागलं थोडं. पण बरंही वाटलं — एकटीवर नाही.

२४ नोव्हेंबर

धनेशनं सरप्राइज आणलं — कार्बन फायबरचं पाऊल! काळंभोर, चकचकीत. तेजस्वीनं जुन्या पायाला जोडून दिलं. दादा टाइल्सवर चालले. पाऊल टाकलं की दबतं, उचलताना हलकेच पुढे ढकलतं. धनेशचा चेहरा बघण्यासारखा होता. पोरगा बोलतो कोरडं, पण बापासाठी कुठून कुठून शोधून आणलं होतं.

१ डिसेंबर

वाडीत नेलं. वाईट झालं.

पाटाच्या कडेला ओली माती. ते कार्बनचं पाऊल तिथं सर्रकन घसरलं. आग्नेलकाकांनी धरलं म्हणून वाचले. मग केळीच्या बुंध्याशी बसायला गेले — वाडीतलं निम्मं काम उकिडवं बसूनच! — तर घोटा वाकेना. अर्धवट वाकलेले, तसेच थांबले. आग्नेलकाका, मी, धनेश, सगळे बघतोय. दादा म्हणाले, "चला घरी." 

पाऊल वाईट नव्हतं. सपाट जमिनीसाठी, बुटासाठी केलेलं. दादा उभ्या जन्मात बुटात शिरलेले नाहीत.

३ डिसेंबर

तेजस्वीनं रबराचं पाऊल दाखवलं. आत टाचेशी स्पंजसारखं मऊ रबर, बोटांकडे जरा दाट, वरून टायरसारखं चिवट कातडं — सगळं एकत्र भाजून पक्कं केलेलं. अनवाणी चालतं, चिखलात चालतं, घोट्यात चहूकडे वाकतं. मी ते दाबून पाहत बसले. दिसायला अगदी साधं. मी आजवर बळकट काय एवढंच शोधत आले. इथं वाकणारं हवं होतं.

पाऊल मिळालं. आता वरचा भाग, दादांचा उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी. प्लास्टिकची जड आहे, घामानं आत घसरते. ती फायबरची करायची.

११ डिसेंबर

पहिली वाटी. मापाच्या प्लास्टरवर काचतंतूचं कापड, मध्ये कार्बनचे थर, त्यावर सुकून कडक होणारं रेझिन. हातात घेतली तर पिसासारखी! घालून दादा ओरडले. काठ गुडघ्यामागे सुरीसारखा लागत होता. कार्बन मी काठापर्यंत नेला होता. तिथं तो जराही वाकेना.

दादांनी यावेळी फेकली नाही. माझ्या हातात दिली. "कर परत."

१९ डिसेंबर

दुसरी. काठ नरम जमला. वजनाखाली तपासताना — कडाड्! कारखान्यातले सगळे वळून बघायला लागले. चीर गेलेल्या जागी पांढुरका डाग. तिथं रेझिन पोचलंच नव्हतं. ताण तंतू घेतात, पण त्यांना एकत्र धरून ठेवतं रेझिन. ते नसेल तर नुसतं कोरडं कापड.

दादांचा पाय आत असता तर?

स्टोअररूममध्ये जाऊन रडले. तेजस्वीला फोन केला. ती म्हणाली, "म्हणूनच तपासतो ना आधी. या उद्या."

२ जानेवारी

तिसरी. कार्बन फक्त मागे, जिथं ताण येतो. काठाला नुसता काचतंतू, थर पायरीपायरीनं कमी केलेले. आत मऊ फोमचं अस्तर. थरांमधली हवा पंपानं ओढून रेझिन सगळीकडे मुरवलं. वजन ठेवलं. आणखी ठेवलं. काही नाही झालं! तेजस्वीनं टाळी दिली.

९ जानेवारी

दादा जिना उतरले. खालच्या टपरीवर चहा पिऊन आले. एकटे. मी खिडकीत उभी, हातात पीठ तसंच.

१८ जानेवारी

पुन्हा वाडी. दादा अनवाणी. दोन्ही पावलं मातीत — एक त्यांचं, एक रबराचं. पाटातून गेले. केळीपाशी गेले, बुंध्याला हात लावून सावकाश उकिडवे बसले. बसले! सुकी पानं कापली. आग्नेलकाका नुसतेच "अरे जयराम... अरे जयराम..." म्हणत राहिले. धनेश पाठ करून उभा होता, डोळे पुसत.

विकायचा विषय संपला! आज मी फार फार खूश आहे.

२६ जानेवारी

सुट्टी. दादा सकाळपासून वाडीत एकटे फिरताहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक माडापाशी थांबत. "नको येऊस मागं," म्हणाले. मी वाडीतल्या घराच्या पायरीवर बसून राहिले.

२७ जानेवारी

दादांनी वाडी आग्नेलकाकांना कसायला देऊन टाकली. आमच्या दोघांशी एक शब्दही न बोलता. घर ठेवलं, वाडी दिली.

मी भांडले. यासाठी का केला मी पाय? दादा शांतपणे वाटीतलं अस्तर काढून उन्हात वाळत घालत होते.

"क्षिती, आता होत नाय मला. पाय गेला नसता तरी होत नव्हतं. पन तेव्हा सोडली असती, तर एका पायाचा म्हातारा, पोरांनी सोडायला लावली, असं झालं असतं." मग माझ्याकडे बघून हसले. "आता मी सोडतोय."