मिठागराची पोर

पनवेल,
१२ ऑक्टोबर १९९७

चि. शशीस,

दादाचे आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. स्टँडसमोरचं वाद्यदुरुस्तीचं दुकान जोरात आहे. नवरात्रात इतक्या ढोलक्या फुटल्या की जेवायला फुरसत नव्हती. तुझं नवं हिंदी गाणं टीव्हीवर पाहिलं. छान झालंय. आईला तुझे कापलेले केस आवडले नाहीत.

तुझी मुलाखतही वाचली. ‘मिठागराची पोर’ ही कॅसेट म्हणजे शिकाऊ दिवस, खरी शशिकला आत्ता सुरू झाली, असं तू म्हणालीस. मला हे मान्य नाही, आणि गाण्याच्या बाबतीत मी सहसा चुकत नाही. ब्याण्णव साली पनवेल ते उरण एक रिक्षा तुझ्या आवाजाशिवाय धावली नाही. पोरींनी तुझ्यासारखी लाल जाकिटं शिवून घेतली. कॉलेजात आपली बोली दबक्या आवाजात बोलणाऱ्या पोरी भर एसटीत ‘आमी’ म्हणू लागल्या. पुढे तू यापेक्षा सुरेल गायलीस, कबूल. पण तुझं नाव घेतलं की लोकांना तेच वर्ष आठवतं आणि तेच आठवत राहील.

परवा इथल्या साप्ताहिकाची रोहिणी नावाची मुलगी दुकानात आली होती. तिलाही मी हेच ठणकावून सांगितलं. मग तिने विचारलं, त्यातला बँजो वाजवताना तुम्हाला काय वाटत होतं?

पाच वर्षं मी या प्रश्नावर नुसता हसत आलोय. त्या बँजोसाठी गावाने मला शाल-श्रीफळ दिलं, तेही घेतलं. परवा मात्र हसू आलं नाही. मी सांगितलं, कॅसेटच्या कव्हरवर नाव माझं असलं तरी बँजो मी वाजवलेला नाही, उरणच्या गुरुदत्तने वाजवलाय. पहिल्याच दिवशी मी स्टुडिओतून निघून गेलो होतो.

का, तेही सांगितलं. सरळ मराठीत गा, लोक आपल्याला हसतील, असं मी सगळ्यांसमोर तुला म्हणालो होतो. तू म्हणालीस, “आये बोलते तशीच गानार मी. लाज वाटते तर जा तू.” आणि मी गेलो. ज्या बोलीमुळे ती कॅसेट मोठी झाली, तीच मला नको होती.

येत्या गुरुवारी हे छापून येईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र.

काल उरणला जाऊन गुरुदत्तची माफी मागितली. तो म्हणाला की, कव्हरवर माझं नाव ठेवायला तूच सांगितलं होतंस, भाऊ परत येईल म्हणून. मला हे ठाऊक नव्हतं. कंपनीची चूक असेल असं मी धरून चाललो होतो, कारण तसं धरणं सोयीचं होतं. येताना एसटीत मला रडू आवरेना.

शशी, तू त्या कॅसेटला कमी लेखतेस ते गाणी कच्ची होती म्हणून, की त्या दिवशी मी उठून गेलो म्हणून? पहिलं कारण असेल तर मी तुझ्याशी जन्मभर भांडेन, आणि जिंकेन. दुसरं असेल तर राग माझ्यावर धर. गाण्यांवर धरू नकोस, त्यांनी तुझं काही वाकडं केलेलं नाही.

आईने तुझ्यासाठी सुकट भाजून ठेवली आहे. मी घेऊन येऊ, की तू येशील?

तुझ्या आवाजाचा अभिमान बाळगणारा, पण ते सांगायला पाच वर्षं लावणारा,
अवधूतदादा