पूड चमकलीच नाही

बालाघाट, गुरुवार संध्याकाळ

बाबा आज उकव्याहून बसने कॉलेजात आले, मी बनवलेली झिंक सल्फाइडची पूड पाहायला. मॅंगनीजच्या खाणीत जन्म गेला त्यांचा. अतिनील दिव्याखाली ही पूड निळी चमकते, असं मीच फोनवर सांगितलं होतं. लॅबमध्ये अंधार करून दिवा लावला. पूड पांढरीच. हा चौथा नमुना! पुडीचे अतिसूक्ष्म कण पुन्हा चिकटून मोठे झाले, म्हणून चमक गेली का? की धुतानाच माझं चुकलं?

“दिसून राह्यलं ना, निळं निळं,” बाबा म्हणाले.

“नाही बाबा, काहीच नाही चमकून राह्यलं.”

“मले दिसते.”

पांढरीच होती. पण त्यांना कसं पटवू, आणि कशाला?

बसस्टँडवर ते कंडक्टरला सांगत होते, “माही पोरगी उजेड बनवते.”